तसबिरीतला माणूस आणि झाडावरचा माणूस

(पिंपळे सौदागर येथील एका गृहरचना संस्थेच्या सभागृहात रहिवाशांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खालच्या प्रवेशदालनात उद्वाहकाच्या शेजारी ज्या पाच तसबिरी लावल्या आहेत, त्यांच्याविषयी आज बोलावे असे कार्यकारिणीने मला सुचवले. सूचना साधी दिसते, पण तिच्यामागे दोन महिन्यांचा वाद आहे हे आपण सारे जाणतो. काही सभासदांचे म्हणणे असे की, ही ताडीची चित्रे आहेत, मुले शाळेला जाता-येता ती पाहतात, आणि नशापाण्याचे असे उदात्तीकरण सभ्य वस्तीला शोभत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, चित्रे जुनी आहेत, सुंदर आहेत, भिंतीच्या रंगाला शोभतात आणि त्यांचे पैसे देऊन झाले आहेत. या दोन्ही पक्षांशी माझे जमत नाही, आणि का जमत नाही ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम चित्रांत काय आहे ते नीट पाहू. पहिल्या तसबिरीत एक माणूस ताडाच्या अर्ध्यावर आहे. कमरेभोवती आणि खोडाभोवती दोराचा एकच फेर, पावलांत दुसरा आखूड फास, पाठीशी मडके, कमरेला आडवा कोयता. दुसरीत दोघे जण मडकी घेऊन ताठ उभे आहेत. तिसरीत माडांची राई आणि शेंड्यात ठिपक्याएवढा माणूस. चौथीत बायका डोईवर घडे घेऊन निघाल्या आहेत. पाचवीत पुन्हा एक माणूस, पण जवळून, आणि त्याचे डोळे थेट आपल्याकडे. प्रत्येक तसबिरीखाली इंग्रजीत ‘ताडाची पारंपरिक सुगी’ अशा अर्थाचे तीन शब्द छापले आहेत. साल नाही, गाव नाही, माणसाचे नाव तर नाहीच.

‘सुगी’ हा शब्दच मुळात फसवा आहे. सुगी म्हटले की पीक पिकले, कापले, घरी आणले, सण साजरा झाला असे डोळ्यांपुढे येते. ताडामाडाच्या रसाला अशी सुगी नसते. माडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचे न उघडलेले कणीस, आधी वेष्टनासह घट्ट बांधतात, लाकडी दांडक्याने हलक्या हाताने रोज ठोकतात, मग तिचे टोक छाटतात. रस ठिबकू लागला की खाली मडके बांधतात. जखम सुकू नये म्हणून रोज पातळशी चकती कापावी लागते. जाड कापली तर पोय लवकर संपते, पातळ कापली तर धार आटते. हे सारे जमिनीपासून चाळीस-पन्नास फुटांवर, एका हाताने झावळीचा देठ धरून. ताडाचे तंत्र थोडे निराळे, त्यात नर आणि मादी झाडांच्या फुलोऱ्यांना वेगळी वागणूक द्यावी लागते. शिंदीचे आणखी निराळे. तिथे फुलोऱ्याला हात लावत नाहीत, शेंड्याखाली खोडालाच खाप घेतात, आणि दर वर्षी समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने घेतलेल्या खापांमुळे खोड नागमोडी होते. जाणता माणूस त्या खाचा मोजून झाड किती वर्षे छेदले ते सांगतो.

उतरवलेला रस गोड असतो, ती नीरा. हवेतले किण्व तिच्यात शिरते आणि काही तासांत ती आंबून ताडी किंवा माडी होते. मडक्याला आतून चुन्याचा हात दिला तर आंबणे लांबते. म्हणजे ज्याला आपण नशा म्हणतो ती आणि ज्याला आरोग्यदायी पेय म्हणून पुण्याच्या रस्त्यांवर सरकारमान्य केंद्रांतून पेल्याने विकतात ती, यांच्यात फरक चुन्याच्या एका थराचा आणि उन्हाच्या दोन-चार तासांचा आहे. आक्षेप घेणाऱ्या सभासदांना माझी एवढीच विनंती आहे की, तसबिरीतल्या मडक्यात नीरा आहे की ताडी, हे त्यांनी आधी मला दाखवून द्यावे.

या विषयात मी तटस्थ नाही, हेही सांगून टाकतो. माझे आजोबा मालवणकडचे, जातीने भंडारी, धंद्याने माडी काढणारे. माड त्यांचे नव्हते. मालकाला झाडामागे खंड द्यायचा, सरकारला झाडामागे पट्टी भरायची, आणि उरेल ते आपले. वीसएक माड त्यांच्याकडे असत आणि प्रत्येकावर दिवसातून निदान दोनदा चढावे लागे. पन्नास फुटांचा माड धरला तर दिवसाकाठी दोन हजार फुटांचा चढ आणि तेवढाच उतार होतो. सिंहगडाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण एवढाच आहे. आपल्यापैकी काही मंडळी रविवारी तो चढून येतात आणि सोमवारी त्याची छायाचित्रे एकमेकांना पाठवतात. आजोबा तो रोज चढत, पावसाळ्यात शेवाळलेल्या खोडावरूनही. त्यांच्या छातीला आणि पावलांच्या आतल्या कडेला जे घट्टे होते ते मी लहानपणी बोटाने चाचपून पाहिले आहेत. त्यांचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. म्हणून उद्वाहकाची वाट पाहताना मी पाचव्या तसबिरीपुढे जरा जास्त वेळ उभा राहतो, हे पहारेकऱ्यांच्याही ध्यानात आले आहे.

आता ही चित्रे निघाली कशी, इकडे वळू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होत होती: काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि ओला असतानाच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे. सारा कारभार दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे, आणि प्रत्यक्ष चित्र घ्यायला काही सेकंद लागत. त्या सेकंदांत माणूस हलला की काच वाया जाई. आता कल्पना करा, झाडावर अर्ध्यावर एक माणूस. खालून साहेबाचा हुकूम, हलू नकोस. ज्याचे सारे कसब हालचालीत आहे त्याला दोरावर लटकत पुतळा व्हायला लावल्याशिवाय ते चित्र निघणेच शक्य नव्हते. चित्रातली ती डौलदार स्तब्धता त्या माणसाच्या मांड्यांनी पेलली आहे.

पुष्कळदा तर झाडही खरे नसे. मुंबईच्या विल्यम जॉन्सनने तिथल्या निरनिराळ्या जातीजमातींचा चित्रसंग्रह १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांत काढला. त्यातली माणसे चित्रशाळेत उभी केलेली आहेत आणि त्यांच्यामागची दृश्ये वेगळी टिपून नंतर जोडलेली आहेत. हे कळल्यापासून दुसऱ्या तसबिरीतल्या त्या दोघांकडे पाहताना मला त्यांच्या पायाखालची जमीन शोधावीशी वाटते. पुढे सरकारनेच ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून प्रसिद्ध केले. प्रत्येक चित्राखाली जातीचे नाव, आणि पुष्कळ ठिकाणी त्या जातीच्या स्वभावाविषयी चार वाक्ये: अमुक आळशी, तमुक राजनिष्ठ, अमक्यांपासून सावध राहावे. त्यापुढे चित्रपत्रांचे युग आले आणि ताडी काढणारा, गारुडी, पखालवाला हे ठरलेले नमुने चार-सहा पैशांना बोटीने विलायतेला जाऊ लागले. आपल्या भिंतीवरच्या मालाची वंशावळ अशी आहे. राज्यकर्त्याला कोणाकडून काय वसूल करता येईल आणि प्रवाशाला घरी काय दाखवता येईल, या दोन गरजांतून तो जन्मला आहे.

वसुलीचा मुद्दा मी सहज काढलेला नाही. १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला. तोपर्यंत किनाऱ्यावरच्या भंडाऱ्याला झाड छेदून रस काढणे, तो विकणे, आणि काही भागांत घरच्या भट्टीवर त्याची दारू गाळणे ही एकाच धंद्याची अंगे होती. कायद्याने ती तोडली. भट्ट्या मोठ्या मक्तेदारांच्या हाती गेल्या, झाडांवर आकडे पडले, छेदायला परवाना लागला आणि झाडपट्टी चढत गेली. जो रस काढतो तो गरीब झाला, जो रस विकतो तो सधन झाला, आणि सरकारचा महसूल वाढला. याच सुमारास, १८८० साली, पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या गुत्त्यांविरुद्ध पत्र लिहून आपला निषेध नोंदवला. फुल्यांचा रोख गुत्त्यांना उत्तेजन देणाऱ्या व्यवस्थेवर होता. आपल्यातल्या आक्षेपकांचा रोख मात्र तसबिरीतल्या मडक्यावर आहे, एवढा भेद ध्यानात ठेवला तरी पुरे.

स्वातंत्र्याच्या चळवळीनेही या माणसाला कोड्यात टाकले. १९३० साली दांडीयात्रेच्या दिवसांत गांधीजींनी सुरत जिल्ह्यात शिंदीची झाडे तोडण्याचा कार्यक्रम दिला आणि हजारो झाडे पडली. पुढे १९३४ साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याच झाडाच्या रसापासून गूळ करण्याचा पुरस्कार झाला. त्या कामाला गजानन नाईकांनी स्वतःला वाहून घेतले. डहाणूचे खादी ग्रामोद्योग आयोगाचे प्रशिक्षण केंद्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. एकाच झाडाला आधी कुऱ्हाड आणि मग आरती! मी हे उपहासाने म्हणत नाही. झाड तोडल्याने माणूस दारू सोडत नाही आणि झाडावरचा माणूस मात्र उपाशी राहतो, हे त्या चार-पाच वर्षांत ज्यांना उमगले, त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. १९४९च्या दारूबंदी कायद्यानंतर मात्र हा विवेक सरकारी दप्तरात फारसा उतरला नाही. ताडीचा परवाना गेला, त्याऐवजी नीरेचा मिळाला, तोही सहकारी संस्थेमार्फत आणि मोजक्यांना. उरलेल्यांनी गाव सोडले. माझ्या वडिलांनी परळची गिरणी गाठली, मी पिंपरीचा कारखाना.

मग परवाना देऊन ताडी पुन्हा आली. पण झाडे कमी आणि गिऱ्हाइके जास्त, तेव्हा दुकानातल्या ताडीचा झाडाशी संबंध उरेलच असे नाही. क्लोरल हायड्रेटसारखी घातक रसायने पाण्यात कालवून ताडी म्हणून विकण्याचे प्रकार पुण्यात आणि आपल्या या औद्योगिक पट्ट्यातही वेळोवेळी उघडकीस आले आहेत. ती पिणारे कोण? बांधकामावरचे, गोदामांतले, ज्यांना दिवस संपल्यावर अंग जाणवू नये असे वाटते ते. मुलांच्या डोळ्यांना जपायचे असेल तर काळजी याची करा. त्या पाच तसबिरींतला रस तरी झाडाचा आहे.

आपल्या पोरांना त्या तसबिरींवरून सांगण्यासारखे दुसरेही काही आहे. चित्रसंग्रहाने ज्या समाजावर ‘ताडी काढणारे’ एवढीच चिठ्ठी डकवली, त्याच भंडारी समाजात सीताराम केशव बोले जन्मले. मुंबईत कामगार हितवर्धक सभेच्या उभारणीत ते पुढे होते. ऑगस्ट १९२३मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी ठराव आणला की, सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो संमत झाला. त्याच ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे जाहीर केले, आणि कागदावरचा हा हक्क बजावण्यासाठी मार्च १९२७मध्ये डॉ. आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्यावर गेले. ही साखळी पाठ्यपुस्तकांत येते, पण तिचे पहिले कडे कोणाच्या हातचे होते ते फारसे सांगत नाहीत. ज्यांच्या बापजाद्यांना कमरेच्या दोरावर भरवसा ठेवावा लागला, त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्यांसाठी पाण्याची वाट मोकळी केली. पहिल्या तसबिरीखाली लिहायचेच झाले तर हे लिहा.

आता आपल्या आवाराकडे येतो. पिंपळे सौदागर हे पवनेकाठचे शेतकऱ्यांचे गाव. पिंपळे गुरव आणि पिंपळे निलख ही त्याची भावंडे. माझ्या उमेदीच्या काळात इथे सायकलवरून येताना दोन्ही बाजूंना शेते होती. १९८२ साली महानगरपालिका झाली, पुढे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि शेताचा एकेक तुकडा इमारतींनी भरला. आपल्या फाटकाशी ताडाच्या कुळातली झाडे आहेतच: रॉयल पाम क्युबाचा, बॉटल पाम मॉरिशसजवळच्या एका लहानशा बेटाचा. त्यांना कोणी छेदत नाही, त्यांचे कोणी काही खात नाही, ती फक्त वाढतात आणि सरळ दिसतात. तक्रार नाही; शोभेलाही जागा असावी. पण मागच्या भिंतीलगत बारा नारळ आहेत, आणि त्यांच्यावर माणूस चढतो.

तो कोण, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? बागेचा ठेका एकाकडे, त्याने नारळाचे काम दुसऱ्याला दिलेले, आणि दुसऱ्याने एका एकोणीस वर्षांच्या मुलाला धाडलेले. गेल्या पावसाळ्यात झावळ्या उतरवताना तो तेराव्या-चौदाव्या फुटावरून घसरला. मनगट मोडले. वरून पडला असता तर आज ही सभा निराळी झाली असती. संस्थेने त्याला चार हजार रुपये दिले. ते कोणत्या रकान्यात लिहिले ते मी हिशेबात पाहिले: ‘किरकोळ खर्च’. त्याच पानावर, तीन ओळी वर, पाच तसबिरींचा खर्च ‘सुशोभन’ म्हणून लिहिला आहे आणि तो आकडा चार हजारांहून कितीतरी मोठा आहे. मी कोणावर दोष ठेवत नाही. त्या हिशेबाला ज्या सभेत मंजुरी मिळाली तिथे मीही हात वर केला होता.

दोन राज्यांतली एक गोष्ट या संदर्भात आठवते. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्याच वर्षी केरळने ताडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा केला. आमच्याकडे पाठीवर ओझे वाहणाऱ्यांची संघटना होती. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने तो माणूस मोजायला लावला. केरळात झाडावर चढणारे संघटित होते, म्हणून तिथे त्यांचा निधी झाला. आमचा झाडावरचा माणूस विखुरलेला, एका गावात चार, दुसऱ्यात सहा. आणि शहरात तर तो ठेकेदाराच्या उपठेकेदाराचा रोजंदार. त्याचे नाव कोणत्याच वहीत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या छायाचित्रकाराने नाव लिहिले नाही म्हणून आपण हळहळावे आणि परवाच्या आपल्या पावतीवरही नाव नसावे, हे मला सोसत नाही.

उपाय फार दूरचे नाहीत. नारळ विकास मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजना नारळावर चढणाऱ्यांसाठीच आहे आणि तिच्या हप्त्याचा बराचसा भाग मंडळच उचलते. चढण्याचे यंत्र मिळते, कमरेचा सुरक्षापट्टा मिळतो. त्या मुलाला मी परवा भेटलो. मनगट जुळले आहे, पण पकड पूर्वीची नाही असे म्हणाला. तुझे छायाचित्र काढून खाली लावू का, म्हणून विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘काका, फोटो काढा, पण आधी दोर नवा घेऊन द्या.’

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्या या मावळ-पुण्याच्या भागात ताड-माड विरळच, इथली मूळची झाड म्हणजे शिंदी. ओढ्याकाठी आणि नदीकाठी अजून कुठे कुठे दिसते. तिच्या पानांची केरसुणी होते. काटेरी पान कापायचे, वाळवायचे, चिरायचे, बांधायचे. पिढ्यान्‌पिढ्या हे काम मातंग समाजाने केले. त्या कामाची चित्रे तसबिरींच्या दुकानांत माझ्या पाहण्यात आली नाहीत. जमिनीवर बसून पाने चिरणारी बाई कोणाला देखणी वाटली नसावी. लक्ष्मीपूजनाला मात्र आपल्यातल्या पुष्कळ घरांत ती केरसुणी लक्ष्मी म्हणून हळदकुंकू लावून पुजली जाते. गेल्या दिवाळीत केरसुण्या घेऊन आलेल्या बाईंना आपल्या फाटकावर ‘आत सोडायची परवानगी नाही’ असे सांगण्यात आले. त्या बाहेर पदपथावर बसल्या आणि आपण गाडीची काच खाली करून त्यांच्याकडून लक्ष्मी विकत घेतली.

तसबिरी काढू नयेत असे माझे मत आहे. त्यांच्याखालचे ते तीन इंग्रजी शब्द मात्र काढावेत आणि त्या जागी मराठीत, हे काम काय होते, ते कोण करत आणि त्यावर कर कोण घेई, ते लिहावे. मजकूर मी तयार करून देईन. ठरावाचा मसुदा लिहून आणला आहे. त्यात तीन कलमे आहेत: नारळावर चढणाऱ्याचा विमा आणि सुरक्षापट्टा असल्याशिवाय ठेकेदाराचे देयक मंजूर करू नये, मनगट मोडलेल्या मुलाच्या उपचाराचा उरलेला खर्च संस्थेने द्यावा आणि तो ‘किरकोळ’ या रकान्यात लिहू नये, दिवाळीच्या आठवड्यात केरसुणीवाल्या बाईंना आत, सावलीत, बसायला जागा द्यावी. कागद अध्यक्षांकडे देतो. अनुमोदक हवा आहे.